खोटे प्रतिध्वनी

समुद्राखाली तेल कसं शोधतात? बोटीवरून मोठ्ठा आवाज करायचा आणि खालच्या खडकांवरून परत येणारे प्रतिध्वनी नोंदवायचे. जितका उशीर, तितका थर खोल. सोप्पं! पण आवाज काही आज्ञाधारक नसतो. तो समुद्रतळ आणि पाण्याचा पृष्ठभाग यांच्यामधे चेंडूसारखे टप्पे खात राहतो आणि प्रत्येक टप्पा नोंदीत नवा थर म्हणून उमटतो. हेच ते 'मल्टिपल्स'. अशा थरावर विहीर खोदली तर खाली काही नसतंच. खर्च मात्र खरा असतो.

मग हे ओळखायचे कसे? मुंबई हायचं उदाहरण घ्या (तेल सापडलं 1974 मधे). तिथे पाणी साधारण 75 मीटर. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला 1500 मीटर, म्हणजे जाऊन-येऊन 0.1 सेकंद. दर 0.1 सेकंदाने तीच खूण दिसली की संशय घ्यायचा.

1959 मधे मिलो बॅकस यांनी याचं गणित मांडलं. आवाज पाण्याच्या थरातून दोनदा जातो, उतरताना आणि चढताना. समुद्रतळ निम्मा आवाज परतवतो असं धरा. पृष्ठभागावर आपटून लाट उलटी होते, म्हणून एका खऱ्या प्रतिध्वनीमागे 1, -1, 0.75, -0.5... अशी शेपटी लागते. बॅकस यांचा फिल्टर फक्त तीन आकड्यांचा: 1, 1, 0.25. वहीवर करून बघा, पहिला 1 सोडून सगळं शून्य होतं!

पण त्यासाठी पाण्याची खोली नेमकी माहीत हवी. त्याआधीच, 1954 मधे, एमआयटीच्या एंडर्स रॉबिन्सन यांनी नॉर्बर्ट वीनर यांची भाकिताची पद्धत भूकंपमापनाच्या नोंदींना लावली होती. जे आधीच्या नोंदीवरून सांगता येतं ती पुनरावृत्ती, जे सांगता येत नाही ती बातमी. 1969 मधे पीकॉक आणि ट्रायटेल यांनी ही पद्धत मल्टिपल्स काढायला कशी वापरायची ते नीट दाखवलं.

तिसरी वाट हॅरी मेन यांची, 1962 च्या लेखातली. एकाच बिंदूवरचे प्रतिध्वनी वेगवेगळ्या अंतरांवरून घ्यायचे, खरे एका ओळीत आणून बेरीज करायची. वरच्या मंद थरांतच रेंगाळलेले मल्टिपल्स अंतर वाढलं की जास्त मागे पडतात, ओळीत बसत नाहीत आणि बेरजेत फिके होतात.

गोम एवढीच, की काही ठिकाणी निसर्गच सारख्या अंतराने थर रचतो. भाकिताचा फिल्टर तेही पुसून टाकू शकतो. म्हणून पुसण्याआधी काय पुसतोय ते बघायला माणूस लागतोच. डेटा साफ करणाऱ्या आपण सगळ्यांनीच हे लक्षात ठेवावं. असो.