कोतवालाच्या बुकांतील आपले पूर्वज

राजेरजवाड्यांच्या व सरदार-देशमुखांच्या घराण्यांस बखरी असतात, सनदा असतात, वाड्याच्या माळ्यावर दप्तरें असतात. परंतु ज्यांच्या घरीं दुसऱ्याच्या शेतांत नांगर धरणें हाच काय तो पिढीजाद वारसा, त्यांच्या घरीं काय असणार? आपल्या ज्ञातींतील बहुसंख्य कुटुंबें या दुसऱ्या वर्गांतील होत. वंशावळ विचारली असतां पणजोबाच्या नांवाशीं आपली मजल थांबते. त्यापलीकडे ‘आम्ही मूळचे नदीपलीकडचे’ एवढें एकच वाक्य उरतें. तथापि मजुराचाहि इतिहास कागदावर उतरलेला आहे आणि तो फार दूर नाहीं, हें ज्ञातिबांधवांच्या नजरेस आणावें या हेतूनें हे चार शब्द लिहीत आहों.

विलायतेंत १५३८ सालीं आठव्या हेन्री राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल यानें आज्ञा काढली कीं, प्रत्येक गांवच्या धर्मोपदेशकानें आपल्या चर्चमध्यें झालेले बाप्तिस्मे, विवाह व दफनें एका वहींत टिपून ठेवावींत. त्या वह्यांमुळें तेथील साध्या शेतमजुराच्या वंशजांसहि तीन-चारशें वर्षें मागें जातां येतें. १८४१ च्या खानेसुमारींत तर शेतमजूर इतके निघाले कीं गणकांनीं पुऱ्या शब्दाऐवजीं ‘ॲग. लॅब.’ असें दोन तुकडे लिहून ठेविले. आपल्याकडे नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांनीं यजमानांच्या वंशावळी पिढ्यान्‌पिढ्या जपल्या, ही गोष्ट खरी. परंतु तीर्थयात्रेस पैसा लागतो. ज्याच्या घरीं उद्यांच्या भाकरीची पंचाईत, तो त्र्यंबकेश्वरीं जाऊन आपलें नांव कोठून लिहवून घेणार? आपल्या मध्यप्रांतांत तें काम गांवच्या कोतवालानें केलें.

कोतवाल हा बहुधा महार समाजाचा व बहुधा निरक्षर असे. गांवांत मूल जन्मलें वा माणूस दगावलें म्हणजे पटवारी किंवा गांवांतील दुसरा कोणी लिहितावाचता गृहस्थ त्याच्या बुकांत नोंद करी, आणि कोतवाल तें बूक कांखेंत मारून ठराविक दिवशीं पोलीस ठाण्यावर नेऊन दाखवी. उन्हाळा असो वा नाल्यास पूर असो, ही फेरी त्यास चुकत नसे. ज्या गांवानें त्याला वेशीबाहेर ठेविलें त्याच गांवाच्या जन्म-मरणाचा हिशेब त्यानें वाहिला. आज आपण ज्या कागदाच्या आधारें ‘अमक्या मौज्याचे मूळ रहिवासी’ म्हणून मिरवितों, तो कागद त्याच्या पायपिटीचा आहे, हें आपल्या मंडळाच्या व्यासपीठावरून कधीं कोणीं बोलल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

या बुकांतील नोंदी त्रोटक असतात. तारीख, बापाचें नांव, जात, मुलगा कीं मुलगी. मृत्यूची नोंद असल्यास वय व कारण. कारणें ठराविक साच्याचीं: पटकी, देवी, ताप, हगवण, इजा. जन्माच्या नोंदींत मुलाचें नांव बहुधा नसतेंच, कारण बारशापूर्वींच नोंद होऊन जाई. ‘सखाराम वल्द तुकाराम यास मुलगा’ अशा थाटाची ती नोंद असे. मग हा मुलगा कोणता? येथें शाळेचें दाखल-खारीज रजिस्टर उपयोगी पडतें. त्यांत नांव पक्कें, परंतु जन्मतारीख पुष्कळदां अंदाजानें घातलेली. जुन्या रजिस्टरांत १ जुलैस जन्मलेलीं मुलें इतकीं आढळतात कीं, त्या दिवशीं गांवांतील सुईण जेवली तरी केव्हां असेल, असा विचार मनांत येतो! कोतवालाची तारीख व मास्तराचें नांव यांचा सांधा जुळविला म्हणजे एक पिढी हातीं लागते.

त्याहून मागें जावयाचें तर बंदोबस्ताच्या मिसली पाहाव्या लागतात. १८५४ मध्यें नागपूरकर भोसल्यांचें राज्य खालसा झालें, १८६१ मध्यें मध्यप्रांत बनला व १८६२ मध्यें नागपूर जिल्ह्यांतून वर्धा जिल्हा वेगळा काढण्यांत आला. त्याच दशकांत पहिला तीस सालांचा बंदोबस्त झाला. मालगुजार कोण, मलिक मकबुजा कोण, मौरूसी कूळ कोण, कोणाच्या वहितींत किती जमीन, हें सर्व त्यांत आहे. नाहीं तो फक्त सालदार. गुढीपाडव्यास धान्याच्या व चार रुपयांच्या बोलीवर वर्षभर राबणाऱ्या माणसाच्या नांवानें खसऱ्यांत नंबर नाहीं, म्हणून खतौनींत नांवहि नाहीं. मालगुजारी ३१ मार्च १९५१ रोजीं संपली. त्यानंतर १९५४-५५ चे अधिकार अभिलेख तयार झाले. आपल्या पुष्कळ घराण्यांचें नांव जमिनीच्या कागदावर प्रथम उमटतें तें येथें. त्यापूर्वींच्या शें-पाऊणशें वर्षांस साक्षी एकटा कोतवाल.

गांवांच्या नांवांनींहि शोधणाऱ्याची फसगत होते. वर्धा शहर १८६६ च्या सुमारास पालकवाडी या खेड्याच्या जागीं वसलें; त्यापूर्वीं जिल्ह्याचें ठाणें पुलगांवजवळील कवठा येथें होतें. सेवाग्राम हें नांव १९४० पासूनचें. त्याआधींच्या कागदांत तें शेगांव आहे, आणि वऱ्हाडांत दुसरें प्रसिद्ध शेगांव आहेच. कित्येक खेडीं उठून त्यांच्या रिठी झाल्या. वर्धा नदी ओलांडली कीं कारभारच निराळा, कारण वऱ्हाडांत मालगुजारी नव्हती, रयतवारी होती. आपल्याकडची मिसल तिकडे मागून मिळावयाची नाहीं. म्हणून मौजा, तहसील व पटवारी हलका हीं तिन्ही लिहून घेतल्यावांचून कचेरीची पायरी चढूं नये.

आतां आमच्या घरची हकीकत थोडक्यांत सांगतों. आमचे पणजोबा आर्वी तहसिलींतील एका मौज्यांत सालदार होते. १८९६-९७ व १८९९-१९०० असे दोन दुष्काळ त्यांनीं लहानपणीं पाहिले. १८९१ मध्यें चार लक्षांच्या वर असलेली आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या १९०१ मध्यें ३ लक्ष ८५ हजारांवर उतरली, यावरून त्या दशकाची कल्पना यावी. त्यांतून वांचलेल्या या माणसाचें नांव कोतवालाच्या बुकांत एकाच पानावर तीनदां आलेलें आम्हीं पाहिलें. साल १९१८, महिना ऑक्टोबर. अकरा दिवसांत एक मुलगा, एक मुलगी व ‘बायको, वय सुमारें २५’. कारण तिन्ही ठिकाणीं ताप. हा ताप म्हणजे इन्फ्लुएन्झाची सांथ होय. त्या एका सांथींत हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें गेलीं, व मध्यप्रांतास तिचा तडाखा फार मोठा बसला. आमचे आजोबा तेव्हां चार वर्षांचे होते. ते राहिले म्हणून आम्ही आहों.

त्या माउलीचें नांव काय? घरांत कोणास ठाऊक नव्हतें. पणजोबांनीं दुसरें लग्न केलें, आणि आजोबा त्या दुसरीलाच आई म्हणत मोठे झाले. आमच्या एका वृद्ध आत्याच्या स्मरणांत पहिलीच्या माहेरच्या गांवाचें नांव तेवढें होतें. पहिलें बाळंतपण माहेरीं होतें, म्हणून आम्हीं त्या गांवचें बूक मागविलें. अपेक्षेप्रमाणें नोंद सांपडली. त्यांत जांवयाचें नांव आहे, सासऱ्याचें आहे, मुलगा झाल्याचें आहे. जिनें प्रसववेदना सोसल्या तिचें नांव तेथेंहि नाहीं. वाचकांपैकीं ज्या भगिनी हें वाचतील त्यांस याचें नवल वाटणार नाहीं.

अलीकडे आपलीं मुलें तहसील कचेरींत जातात तीं जातपडताळणीच्या निमित्तानें. इतर मागासवर्गीयांस १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वींचा, विमुक्त-भटक्यांस २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वींचा व अनुसूचित जातींस १० ऑगस्ट १९५० पूर्वींचा पुरावा द्यावा लागतो. कामापुरती एक नक्कल मिळाली, प्रवेश झाला, कीं ती फायलींत जाते व विषय संपतो. मूळ बुकांचीं पानें मात्र हात लावतांच तुटतात, कडा वाळवीनें खाल्ल्या आहेत, आणि कांहीं नोंदी मोडींत असल्यानें त्या वाचणारीं माणसें थोडीं उरलीं आहेत. म्हणून आमची सूचना अशी: नक्कल घेतांना हव्या त्या एका ओळीवर न थांबतां त्या पानावरील आपल्या भाऊबंदांच्या सर्व ओळी उतरून घ्याव्या, घरांतील ऐंशी वर्षांच्या माणसास शेजारीं बसवून एकेक नांव वाचून दाखवावें, आणि तें जें सांगेल तें त्याच कागदाच्या पाठीवर तारीख घालून लिहावें.

मंडळानें या वर्षीं वंशावळीचे छापील तक्ते काढले आहेत. ते भरतांना आई, आजी, पणजी यांचीं नांवें व प्रत्येकीचें माहेर यांसाठीं ठेविलेले रकाने कोरे सोडूं नयेत. नांव ठाऊक नसल्यास माहेरचा मौजा लिहावा. तेथील बूक कोठें आहे याचा तपास आम्ही करूं.