काचतंतूंच्या जलवाहिन्या आणि पन्नास वर्षांचे गणित

बिडाच्या नळांचा टिकाऊपणा अनेक पिढ्यांच्या वापराने सिद्ध झालेला होता. काचतंतूंनी बळकट केलेल्या प्लॅस्टिकच्या, म्हणजे जीआरपी, नळांना मात्र असा भूतकाळच नव्हता. 1930 च्या दशकात अमेरिकेत काचेचे तंतू मोठ्या प्रमाणावर काढता येऊ लागले, त्याच दशकात पॉलिएस्टर रेझिनची एकस्वे घेतली गेली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर या दोहोंपासून घडवलेले नळ गंजाने बेजार झालेल्या तेल-उद्योगाने प्रथम स्वीकारले. 1957 च्या सुमारास स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे फिरत्या साच्यात नळ ओतण्याची पद्धत विकसित होऊ लागली.

हे नळ गंजत नसले, तरी पाण्यापुढे ते अभेद्य नव्हते. पाण्याचे रेणू रेझिनमधून हळूहळू झिरपत तंतूंपर्यंत पोहोचतात आणि काच व रेझिन यांच्यातील बंध सैल करतात. म्हणून 1950 च्या आसपास तंतूंवर सिलेनचा, म्हणजे एका टोकाने काचेशी आणि दुसऱ्या टोकाने रेझिनशी जोडल्या जाणाऱ्या संयुगाचा, लेप देण्याची रीत रुजू लागली. सांडपाण्याच्या वाहिन्यांत वेगळाच धोका आढळला: तेथील हायड्रोजन सल्फाइडपासून तयार होणारे सल्फ्युरिक आम्ल, मातीच्या भाराने वाकलेल्या नळातील ताणलेल्या तंतूंमधून कॅल्शियम व ॲल्युमिनियम विरघळवून बाहेर काढते आणि त्यांना तडे पाडते. त्यावर उपाय म्हणून आम्लरोधक काच आणि नळाच्या आतील बाजूस रेझिनचा जाड थर वापरला जाऊ लागला.

आयुष्याचा अंदाज बांधण्यासाठी अमेरिकेच्या एएसटीएम या मानक-संस्थेने घालून दिलेल्या पद्धतीत किमान 18 नमुने वेगवेगळ्या दाबांखाली निकामी होईपर्यंत ठेवले जातात, त्यांतील किमान एक 10,000 तासांहून, म्हणजे सुमारे चौदा महिन्यांहून, अधिक काळ टिकावा लागतो, आणि मिळालेले बिंदू लॉगरिथमच्या आलेखावर मांडून त्यांतून काढलेली रेषा 50 वर्षांपर्यंत वाढवली जाते. पन्नास वर्षे म्हणजे 4,38,000 तास. या आलेखावर काळाची प्रत्येक दहापट सारखेच अंतर व्यापत असल्याने, एका तासापासून 10,000 तासांपर्यंत चार टप्पे होतात आणि पुढचा अज्ञात काळ जेमतेम पावणेदोन टप्प्यांत सामावतो. मात्र प्रयोगात दिसलेली झिजेची प्रक्रियाच पुढेही चालू राहील, हे या पद्धतीचे गृहीतक आहे. सांडपाण्यातील आम्लासारखा नवा घटक मध्ये आला की केवळ दाबाच्या चाचणीतून काढलेली रेषा आधार देऊ शकत नाही. म्हणूनच वाकवलेल्या नळावर आम्लाची स्वतंत्र चाचणी मानकांत आली, आणि नळाचे आयुष्य त्याला मिळणाऱ्या पाण्यावरही अवलंबून असते हे तत्त्व त्यातून मान्य झाले.