गोड मका : चवीचे जनुक आणि रोपाची शिदोरी

पावसाळ्यात निखाऱ्यावर भाजलेले गावरान कणीस आणि मल्टिप्लेक्समध्ये कपातून मिळणारे ‘स्वीट कॉर्न’ यांच्या चवीतील मुख्य फरक एखाद्या जनुकाचा असतो. गोड मका ही वेगळी प्रजाती नव्हे. साध्या मक्यात दाण्यातील साखरेचे स्टार्चमध्ये रूपांतर होते. उत्परिवर्तनामुळे ही प्रक्रिया अडली, की साखर शिल्लक राहते.

मात्र स्टार्च ही रोपाची शिदोरी असते. जमिनीवर पाने उलगडून स्वतःचे अन्न तयार करीपर्यंत अंकुराला तीच पुरवावी लागते. खाणाऱ्याला आवडणारा गुण बियाण्याच्या मुळावर येतो तो येथे. गोड मक्याचा वाळलेला दाणा सुरकुतलेला दिसतो, त्याचेही कारण हेच.

चौथ्या गुणसूत्रावरील ‘शुगरी-१’ हे यातील जुने उत्परिवर्तन. अमेरिकेत १९०२ मध्ये बाजारात आलेला ‘गोल्डन बँटम’ हा प्रसिद्ध वाण याच जातीचा. पुढे १९५३ मध्ये इलिनॉय विद्यापीठातील जॉन लॉफनन यांनी तिसऱ्या गुणसूत्रावरील ‘श्रंकन-२’ या उत्परिवर्तनामुळे दाण्यात साखर कितीतरी वाढते, हे दाखवून दिले. आजचे ‘सुपरस्वीट’ वाण प्रामुख्याने त्यातून आले. तोडणीनंतरही त्यांची गोडी बरेच दिवस टिकते, म्हणून व्यापाऱ्यांना ते सोयीचे. बियाणे मात्र अधिकच दुबळे. ते पाणी झपाट्याने शोषते, त्यात पेशींची आवरणे फाटतात, साखर बाहेर पाझरते आणि जमिनीतील बुरशीला आयते आमंत्रण मिळते. शुगरी बियाणे सुमारे १३ अंश सेल्सिअस तापमानाच्या जमिनीत उगवू शकते. सुपरस्वीटला १८ अंशांच्या आसपास ऊब लागते.

पैदासकारांपुढचा खरा पेच याहून खोल आहे. गोड मक्याचे बहुतेक वाण मोजक्याच पूर्वजांपासून आलेले. थंडी सोसण्याची वा किडीला तोंड देण्याची ताकद हवी, तर साध्या मक्याशी संकर करणे आले. अशा संकराचे स्वपरागण केले, की मेंडेलच्या नियमानुसार चौथा हिस्सा दाणे गोड निघतात. कणसावर मोजले तर हिशेब साधारण जुळतो. शेतात तो बिघडतो. गोड दाण्यांपैकी काही उगवतच नाहीत, काहींची रोपे कोवळेपणीच मरतात. आणि निवड न करता पिढ्या पुढे नेल्या, तर ते जनुक हळूहळू नाहीसे होऊ लागते.

स्पेनमधील गॅलिसियात पेद्रो रेविया व त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नाचा दीर्घकाळ पाठपुरावा केला. शुगरी-१ तगणार की नाही, हे साध्या मक्याचा कोणता वाण संकरात वापरला यावर बरेच अवलंबून असते, असे त्यांना आढळले. यामागे एखादे ‘तारक’ जनुक नसून अल्प परिणामाची अनेक जनुके असतात. त्यात हवामानाची भर पडते. एका वातावरणात तगलेला संकर दुसरीकडे तगेलच, असे नाही. त्यामुळे केवळ चव व उत्पादन पाहून संकराचे पालक निवडणे पुरेसे ठरत नाही; उगवण आणि रोपाचा जोम प्रत्येक पिढीत, शक्यतो थंड जमिनीतही, तपासावा लागतो. हे काम वेळखाऊ आहे, पण प्रयोगशाळेतील उबदार पेटीत उगवलेले बी शेतात दगा देऊ शकते.

आपल्याकडे खरिपात जमीन पुरेशी उबदार असते. परंतु पेरणीपाठोपाठ मोठा पाऊस होऊन पाणी साचले, की हेच सुरकुतलेले बी आधी कुजते. म्हणून निचऱ्याची जमीन, बुरशीनाशकाची बीजप्रक्रिया आणि उथळ पेरणी यांत गोड मक्याच्या बाबतीत हयगय चालत नाही.