तळटीप ७ : व्यापार

७. व्यापार : पटावरचा बैठा खेळ, मे महिन्याच्या सुटीत भर दुपारी चटईवर हमखास मांडला जाई. पटाच्या कडेने मुंबई, दिल्ली, मद्रास, दार्जिलिंग अशी शहरे चौकोनांत असतात. फासे टाकून सोंगटी पुढे न्यायची, शहर कुणी घेतलेले नसेल तर बँकेकडून विकत घ्यायचे आणि दुसऱ्याची सोंगटी तिथे आली की भाडे वसूल करायचे. एका रंगाची शहरे जमली की त्यांवर आधी घरे, मग हॉटेल. भाडे दर पायरीला चढते. ‘बँक’ म्हणजे नोटा सांभाळणारा गडी, बहुधा घरातले सर्वांत हट्टी मूल. लेखकाच्या थोरल्या भावाने विकलेली ‘बेस्ट’ हा मुंबईच्या बससेवेच्या नावाचा चौकोन. ‘जेल’ हाही चौकोनच. तेव्हा पुढच्या परिच्छेदात आजी जेलमधून सुटते त्यात राजकीय काही नाही.

खेळाचे मूळ अमेरिकेत. एलिझाबेथ मॅगी यांनी १९०४ मध्ये ‘लँडलॉर्ड्स गेम’चे पेटंट घेतले. जमीनमालक बसल्या जागी गबर होतो आणि भाडेकरू नागवला जातो, हे त्यांना खेळातून दाखवायचे होते; जमिनीवरच कर बसवा म्हणणाऱ्या हेन्री जॉर्ज यांच्या त्या अनुयायी. १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्सने बाजारात आणलेल्या ‘मोनोपॉली’त हा हेतू गळाला आणि इतरांना कंगाल करणे हीच जीत ठरली. ‘व्यापार’ बेतला आहे तो या ‘मोनोपॉली’वर.