मोहम्मद हिदायतुल्लाह: नागपूरचे सरकारी वकील ते देशाचे सरन्यायाधीश

'सरकारी वकील म्हणजे सरकारचा माणूस' असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. मोहम्मद हिदायतुल्लाह यांची कारकीर्द पाहिली की हा समज टिकत नाही.

त्या काळी भंडारा जिल्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होता. १९३६ मध्ये नागपूरला हायकोर्ट झालं आणि भंडारा-गोंदियाची अपिलं तिथे जाऊ लागली. याच नागपुरात हिदायतुल्लाह वकिली करत होते. जन्म १७ डिसेंबर १९०५ चा. वालिद हाफिज विलायतुल्लाह सरकारी अधिकारी आणि उर्दूचे नामवंत शायर. शाळा रायपूरला, कॉलेज नागपूरचं मॉरिस, पुढे केंब्रिज. १९३० मध्ये बॅरिस्टर होऊन परतले आणि नागपुरातच वकिली सुरू केली. काही वर्षं तिथल्या लॉ कॉलेजात शिकवलंही.

१२ डिसेंबर १९४२ रोजी ते हायकोर्टात सरकारी वकील झाले. काळ नाजूक होता. 'चले जाव'ला जेमतेम चार महिने झाले होते, काँग्रेसचं मंत्रिमंडळ १९३९ मध्येच राजीनामा देऊन गेलं होतं आणि कारभार गव्हर्नरच्या हाती होता. २ ऑगस्ट १९४३ ला ते अ‍ॅडव्होकेट जनरल झाले. या दोन पदांत मुलांचा नेहमी गोंधळ होतो. सरकारी वकील कोर्टात सरकारची बाजू मांडतो. अ‍ॅडव्होकेट जनरल हा प्रांताचा सर्वोच्च विधी अधिकारी, सरकारला कायद्याचा सल्ला देणारा. तेव्हा त्यांचं वय सदतीस.

सरकारची वकिली एकूण साडेतीन वर्षांचीच. जून १९४६ मध्ये ते न्यायाधीश झाले, १९५४ मध्ये नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश. १९५६ मध्ये राज्यांची फेररचना झाली, भंडारा मुंबई राज्यात आला आणि हिदायतुल्लाह मध्य प्रदेश हायकोर्टाचे पहिले मुख्य न्यायाधीश म्हणून जबलपूरला गेले. १९५८ मध्ये सुप्रीम कोर्ट, २५ फेब्रुवारी १९६८ पासून सरन्यायाधीश. या पदावरचे ते पहिले मुस्लिम.

आता मूळ मुद्दा. १९६७ च्या गोलकनाथ खटल्यात संसदेला मूलभूत हक्क काढून घेता येणार नाहीत, असा निकाल सहा विरुद्ध पाच मतांनी लागला. त्या सहांत हिदायतुल्लाह होते, आणि त्यांनी स्वतंत्र निकालपत्र लिहिलं. संस्थानिकांची मान्यता काढणारा सरकारी आदेश कोर्टाने १५ डिसेंबर १९७० रोजी रद्द केला, त्या खंडपीठाचे प्रमुखही तेच होते. दुसऱ्याच दिवशी ते निवृत्त झाले.

१९६९ मध्ये महिनाभर ते हंगामी राष्ट्रपती होते आणि १९७९ ते १९८४ उपराष्ट्रपती. क्विझमध्ये मुलांना तेवढंच विचारलं जातं. १८ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचा इंतकाल झाला. रायपूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाला आज त्यांचं नाव आहे.