पेपर न देता दहावी झालेली बॅच

23 मार्च 2020 रोजी दहावीचा भूगोलाचा पेपर होता. तो आधी पुढे ढकलला गेला आणि 12 एप्रिलला रद्दच झाला. त्याच वेळी नववीची दुसऱ्या सत्राची परीक्षाही रद्द झाली. पहिलं सत्र आणि अंतर्गत गुण यांवर मुलं वर गेली. भूगोलाचा पेपर आजही सगळ्यांना आठवतो. नववीचा निर्णय बहुतेकजण विसरले. पण पुढच्या वर्षीच्या दहावीचा अर्धा निकाल त्याच निर्णयावर उभा राहिला.

जून 2020 मध्ये ही मुलं दहावीत गेली, ती घरी बसूनच. बारामती-इंदापुरात घरी बसून शिकणं म्हणजे काय, हे समजायला नीरा डावा कालवा आठवावा. 1885 साली सुरू झालेला हा कालवा बारामतीकडून इंदापूरकडे जातो. वरच्या अंगाला पाणी लवकर मिळतं. टेलच्या शेतकऱ्याला पाळीची वाट बघावी लागते. नेटचंही तसंच होतं. शहरात वायफाय, आणि उसातल्या वस्तीवर घरात एकच स्मार्टफोन. तोही वडिलांच्या खिशात, आणि वडील रानात, डेअरीवर किंवा एमआयडीसीत शिफ्टला. 2017-18 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या फक्त 14.9 टक्के घरांत इंटरनेटची सोय होती आणि 4.4 टक्के घरांत संगणक होता.

अशा ठिकाणी झूम किंवा गूगल मीटवर अख्खा वर्ग एका वेळी जमणं अवघडच. म्हणून माध्यमिक शिक्षकांचा खरा वर्ग व्हॉट्सॲपवर भरला. फळ्यावर गणित सोडवायचं, मोबाइलवर छोटा व्हिडिओ काढायचा, ग्रुपवर टाकायचा. मुलांनी वहीत अभ्यास करून पानाचा फोटो पाठवायचा. फोन संध्याकाळी घरी आला की फोटो यायला लागायचे, म्हणजे सरांची-मॅडमची तपासणी रात्री सुरू. जुलै 2020 मध्ये शासनानं अभ्यासक्रम 25 टक्के कमी केला आणि नववी ते बारावीसाठी दिवसाला 45 मिनिटांचे जास्तीत जास्त चार तास ठरवून दिले. मुलांच्या स्क्रीनला मर्यादा आली, शिक्षकांच्या फोनला ती नव्हती. शिवाय अनेक शिक्षक सर्वेक्षणाच्या आणि बंदोबस्ताच्या कोविड ड्युटीवरही होते.

23 नोव्हेंबर 2020 पासून राज्यानं नववी ते बारावीचे वर्ग उघडायला परवानगी दिली, शिक्षकांची आरटीपीसीआर चाचणी करून. पण दुसरी लाट आली आणि एप्रिल 2021 मध्ये दहावीची परीक्षा रद्द झाली.

मग निकाल कसा लावायचा? सूत्र असं ठरलं: 50 गुण नववीच्या निकालावरून, 30 दहावीच्या वर्षभरातल्या अंतर्गत लेखी मूल्यमापनाचे, 20 गृहपाठ, तोंडी किंवा प्रात्यक्षिकाचे. प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची निकाल समिती.

रात्री ग्रुपवर आलेल्या वहीच्या फोटोंना आता वजन आलं. आणि ज्यांचे फोटो आलेच नाहीत, त्यांचं काय? पोरगं अभ्यास करत नव्हतं, की फोन रानात होता? हे बोर्डाला माहीत असणं शक्य नव्हतं. वर्गशिक्षकाला माहीत असू शकत होतं, कारण त्याला मुलाचं घर, बापाचं काम आणि वस्तीवरची रेंज ठाऊक होती. एरवी बाहेरचा परीक्षक नाव न बघता पेपर तपासतो. त्या वर्षी ओळखीच्या माणसानं, ओळखीच्या मुलाला, नाव बघून गुण दिले.

16 जुलै 2021 ला निकाल लागला: 99.95 टक्के. त्यावर भरपूर मीम्स झाले. या बॅचला आयुष्यातली पहिली बोर्ड परीक्षा द्यायला फेब्रुवारी 2023 उजाडला, तीही थेट बारावीची.

आज शाळेच्या कपाटात त्या वर्षीची गुणपत्रकं सापडतील. शिकवणं मात्र शिक्षकांच्या स्वतःच्या फोनमध्ये होतं: फळ्याचे व्हिडिओ, लाल शाईऐवजी मार्कअपनं केलेल्या खुणा, 'सर, उद्या पाठवतो, फोन पप्पांकडे आहे' असे मेसेज. स्टोरेज भरलं की हे सगळं आधी डिलीट होतं. 99.95 हा आकडा टिकेल. तो कसा तयार झाला हे सांगणारा कागद कुठल्याच कपाटात नाही. तुम्ही त्या बॅचचे असाल आणि 'दहावी अ' हा ग्रुप अजून तुमच्या फोनमध्ये असेल, तर एवढ्यात एक्झिट होऊ नका.