मॉनिटरचे कूळ

ऑफ तास असला, सर वर्गावर आले नाहीत, की बेळगावजवळच्या खानापूरच्या मराठी हायस्कुलात एक मुलगा खडू घेऊन उठतो. फळ्याच्या कोपऱ्यात ‘बोलणारी मुले’ असे लिहून खाली रेघ मारतो आणि नावे मांडू लागतो. पुन्हा बोलला की नावापुढे फुली. एके काळी या फुल्यांचा हिशेब निरगुडीच्या फोकाने चुकता व्हायचा, त्यामुळे मॉनिटरशी वाकडे घ्यायला कुणी धजत नसे.

मॉनिटरचे मूळ काम मात्र राखणीचे नव्हतेच. ते होते शिकवण्याचे, आणि त्याचा माग याच सह्याद्रीत लागतो. 1623 मध्ये पिएत्रो देल्ला वाल्ले हा इटालियन प्रवासी गेरसप्प्याहून इक्केरीकडे निघाला होता. वाटेत एका देवळाच्या ओसरीवर त्याला चार मुले दिसली. जमिनीवर बारीक वाळू पसरून, बोटाने आकडे काढत, एका सुरात म्हणत ती हिशेब शिकत होती. गुरुजी जवळपास नव्हते. विसरलात तर सांगणार कोण, असे त्याने विचारले. चौघेही एकाच वेळी तेच विसरतील असे होत नाही, असे मुलांनी सांगितले.

पुढे दीडशेहून अधिक वर्षांनी मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेत अँड्र्यू बेल या पाद्र्याने अशीच वाळू वापरली. शिक्षकांनी दाद दिली नाही, म्हणून त्याने जॉन फ्रिस्केन या आठ वर्षांच्या मुलाकडे मुळाक्षरांचा वर्ग सोपवला. तो वर्ग चालला! 1797 मध्ये बेलने लंडनला त्यावर पुस्तक काढले.

तिथे जोसेफ लँकेस्टरने अशाच पद्धतीचा कारखाना उभारला. एक मास्तर, शेकडो मुले आणि मध्ये मॉनिटरांची फळी. लँकेस्टर मारण्याच्या विरोधात होता; पण खोडकर मुलाच्या गळ्यात तो लाकडाचा ओंडका अडकवी, कुणाला टोपलीत घालून छताला टांगे. माराची जागा अपमानाने घेतली आणि मॉनिटर पहारेकरी झाला. 1820 च्या दशकात ही पद्धत मुंबई इलाख्याच्या शाळांत आली. बेळगाव मुलूख तेव्हा त्याच इलाख्यात होता.

शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या 17 व्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी केली. हा कायदा 6 ते 14 वयाच्या मुलांसाठी आहे. नववी-दहावीची बरीचशी मुले वयाने त्याच्या पलीकडे जातात. तरी छडी हळूहळू मागे पडली, फुल्या मात्र राहिल्या. वर्गमित्राला वर्गमित्रांवर पाळत ठेवायला लावणे हीदेखील शिक्षाच आहे, दोघांनाही.

मुख्याध्यापकांनी येत्या जूनमध्ये मॉनिटर नेमताना एवढे करावे: त्याला गणितात अडलेली दोन मुले द्यावीत, आणि वर्ग शांत ठेवण्याचे काम शिक्षकांकडेच ठेवावे.